मान्युएल कास्तेल्स : भाडेकरूंचा अभ्यासक, इंटरनेटचा भाष्यकार, म्हातारपणी मंत्री

ओसरी

आंदोलनं आणि समाजमाध्यमांवरच्या मागच्या धाग्यात कुणीतरी मान्युएल कास्तेल्सचं नाव घेतलं आणि लगेच दोघातिघांनी 'हे कोण बुवा?' म्हणून विचारलं. तिथेच उत्तर देत बसले असते तर मूळ विषयाचा पार बट्ट्याबोळ झाला असता (तसा तो झालाच), म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगून ठेवते, हा तटस्थ परिचय नाही. कास्तेल्सचं नाव जगभर झालं ते 'नेटवर्क सोसायटी'मुळे. जगातल्या सगळ्यात जास्त उद्धृत होणाऱ्या समाजशास्त्रज्ञांत त्याची गणना होते. २०१२ चा होल्बर्ग पुरस्कार, २०१३ चा बाल्झान पुरस्कार, सगळं झालं. पण भाडेकरू, पाण्याचे नळ आणि बसचे मार्ग यांवर त्याने त्याआधी केलेलं काम मला जास्त टिकाऊ वाटतं. पुढच्या जाडजूड ग्रंथांत जे खणखणीत आहे, त्याचं मूळही तिथेच सापडतं.

जन्म ९ फेब्रुवारी १९४२, स्पेनच्या आल्बासेते प्रांतातल्या एयिन गावी. आईवडील दोघंही अर्थखात्यात नोकरीला. ला मान्चा, वालेन्सिया असं करत कुटुंब बार्सिलोनाला आलं आणि १९५८ मध्ये, सोळाव्या वर्षी, हा तिथल्या विद्यापीठात कायदा आणि अर्थशास्त्र शिकायला लागला.

हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तरुण असणं म्हणजे काय, हे त्याने 'कम्युनिकेशन पॉवर' (२००९) या पुस्तकाच्या सुरुवातीला फार मजेत सांगितलंय. लॉ कॉलेजच्या मासिकात लेख लिहिला, तर मासिकच बंद पाडलं. कामूच्या 'कालिगुला' नाटकात काम केलं, तर सगळ्या नाटकमंडळींवर समलैंगिकतेचा प्रचार केल्याचा ठपका. बीबीसी लावावं तर नुसती खरखर. फ्रॉइड वाचायचा असेल तर बार्सिलोनातल्या एकाच ग्रंथालयात मिळणार, आणि तो कशासाठी वाचायचाय ते फॉर्मवर लिहून द्यायचं. मार्क्स, सार्त्र हवे असतील तर बसने फ्रान्समधलं तुलूझ गाठायचं आणि पुस्तकं लपवून सीमेवरून आणायची.

मग हा पठ्ठ्या भूमिगत चळवळीत शिरला. कामगारवस्तीतल्या थिएटरात रात्रीच्या खेळाला जायचं, अंधारात खुर्च्यांवर पत्रकं ठेवायची आणि दिवे लागायच्या आत सटकायचं. संघटनेचं नाव 'कातालोनियाची कामगार आघाडी' आणि त्यात पंच्याण्णव टक्के विद्यार्थी! हा आकडा त्याचाच, स्वतःची टर उडवत दिलेला. त्या पत्रकांनी काय साधलं? तर फारसं काही नाही, असं तोच सांगतो. ऐकणारा तयार नसेल आणि सांगणारा ओळखीचा, भरवशाचा नसेल, तर निरोप पोचतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे आयुष्यभर तो यावरच विचार करत राहिला.

१९६२ मध्ये अस्तुरियासच्या खाणकामगारांनी संप केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी बार्सिलोनात विद्यार्थी उतरले, धरपकड झाली, सोबतचे आत गेले आणि हा चोरवाटेने सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेला. वय वर्षं वीस. पॅरिसमध्ये १९६४ ला पदवी, आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ आलँ तूरेनच्या हाताखाली १९६७ ला डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय क्रांती वगैरे नाही बरं का. पॅरिस परिसरातले कारखाने आपली जागा कशी निवडतात, हा. म्हणजे जागा आणि पैसा यांचं लग्न कसं लागतं, हे कुतूहल तेव्हापासूनचं.

त्यानंतर नाँतेर. पॅरिसच्या पश्चिमेला हवाईदलाच्या जुन्या जागेवर १९६४ मध्ये उभारलेलं नवंकोरं विद्यापीठ आणि त्याला खेटून अल्जीरियन मजुरांची झोपडपट्टी. समाजशास्त्र विभागात एकाच वेळी तूरेन, आंरी लफेव्र आणि ब्राझीलमधून परागंदा झालेले फेर्नांदो एन्रिके कार्दोसो, जे पुढे १९९५ मध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांत दानिएल कोन-बेंदित, पुढे आंदोलनाचा नेता झालेला. पंचविशीतला कास्तेल्स तिथे शिकवत होता. मे १९६८ च्या विद्यार्थी उठावाचा भडका तिथूनच पेटला आणि फ्रान्सने याची उचलबांगडी करून जिनिव्हाला धाडलं. मग चिली, माँट्रिआल. १९७० मध्ये तूरेनच्या खटपटीने पॅरिसला परत.

१९७२ मध्ये 'ला केस्त्यों उर्बेन' (शहराचा प्रश्न) आलं. ते वाचवत नाही, हे मीच सांगते. फ्रेंच तत्त्वज्ञ आल्थ्युसेरच्या वळणाचं मार्क्सवादी गद्य, पानपानभर. पण आतला मुद्दा लखलखीत आहे. शिकागो विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांनी शहराची व्याख्या दाटी, गर्दी, अनोळखी माणसं अशी केली होती. कास्तेल्स म्हणतो, ते सोडा. शहर म्हणजे जिथे माणसाला जगायला लागणाऱ्या काही गोष्टी एकेकट्याने विकत घेता येत नाहीत, सगळ्यांनी मिळून वापराव्या लागतात: घरं, पाणी, आगगाडी, शाळा, दवाखाना. याला त्याने 'सामूहिक उपभोग' म्हटलं. कारखान्याला कामगार हवा, पण कामगाराला परवडणारं घर बांधण्यात फायदा नाही, म्हणून खासगी पैसा तिथे येत नाही. सरकारला उतरावं लागतं. आणि सरकार उतरलं की घरातल्या नळाला पाणी नसणं हे नशीब राहत नाही, राजकारण होतं. शिवाय बसची वाट बघणारा कारकून आणि फिटर एका रांगेत असतात, म्हणून ही भांडणं कारखान्याच्या गेटवरच्या भांडणांपेक्षा वेगळ्या जातीची असतात.

याची खरी मजा 'द सिटी अँड द ग्रासरूट्स' (१९८३) मध्ये आहे. तोवर तो कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्राध्यापक झाला होता (१९७९). ग्लासगोचा १९१५ चा भाडेबंद लढा, पॅरिस कम्यून, मेक्सिकोतल्या बेराक्रूसचे भाडेकरू, सान फ्रान्सिस्कोची समलिंगी वस्ती आणि फ्रँकोच्या शेवटच्या वर्षांतल्या मद्रिदमधल्या रहिवासी संघटना. मद्रिदच्या दक्षिणेला ओर्कासितास नावाची वस्ती आहे. आंदालुसिया, एस्त्रेमादुराकडून आलेल्या लोकांनी चिखलात स्वतःच्या हाताने झोपड्या बांधलेल्या, पाणी सार्वजनिक नळावरून. सत्तरच्या दशकात सरकारने जागा ताब्यात घेऊन नवी वस्ती बांधायचं ठरवलं. राहत्या लोकांचं काय? लोकांनी आराखड्यासोबत जोडलेलं निवेदन नीट वाचलं. त्यात लिहिलेलं होतं की नवी घरं इथल्या रहिवाशांसाठीच आहेत. सरकार म्हणालं, निवेदन म्हणजे नुसती प्रस्तावना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये निकाल लागला की निवेदनही सरकारवर बंधनकारक आहे. लोकांना तिथल्या तिथे घरं मिळाली, नकाशे काढतानाही त्यांना विचारावं लागलं. त्या वस्तीत आज एका चौकाचं नाव 'प्लासा दे ला मेमोरिया विन्कुलान्ते' आहे, म्हणजे बंधनकारक निवेदनाचा चौक. सरकारी कागदातल्या तांत्रिक मुद्द्याचं नाव चौकाला देणारी वस्ती मी तरी दुसरी ऐकली नाही.

१९९३ मध्ये मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला. 'द इन्फर्मेशन एज' हे तीन खंड (१९९६, १९९७, १९९८) त्याने त्या आजाराच्या सावटाखाली, उरलेले दिवस मोजत पुरे केले. त्यांच्याविषयी इथे जाणकार बरेच आहेत, त्यांनी लिहावं. मी दमले.

ढवळ्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). 'कामगार आघाडी, पंच्याण्णव टक्के विद्यार्थी' वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. अशा आघाड्या आमच्याही कॉलेजात होत्या, कामगार बघायला मेसमध्ये जावं लागायचं.

टेकडीवरचा

ओसरीताई, लेख झकास, पण पुढच्या पुस्तकांवर अन्याय करताय. मी आयटीतला माणूस, हिंजवडीत आयुष्य चाललंय, मला 'द राइज ऑफ द नेटवर्क सोसायटी'च जवळचं वाटलं.

त्यातला मुद्दा 'सगळं जग जोडलं गेलं, वा वा' असा नाहीच. उलट आहे. नेटवर्कला केंद्र नसतं, नुसत्या गाठी असतात. ज्या गाठीचा उपयोग, ती जोडलेली. उपयोग संपला की नेटवर्क तिला वगळून दुसरीकडून वाट काढतं आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. जुन्या कारखान्यात मालकाला कामगार पिळायला तरी लागायचा. इथे मोठ्या लोकसंख्येची पिळायलाही गरज उरत नाही. तिसऱ्या खंडात त्याने याला 'चौथं जग' म्हटलंय, आणि ते देशांच्या सीमांनी ठरत नाही. सहाराच्या दक्षिणेचे मोठे प्रदेश त्यात येतात, तसेच अमेरिकन शहरांतले गरीब मोहल्लेही. एकच प्रोजेक्ट, एकच टीम, एका सकाळी बॅज चालत नाही, आणि काम मात्र दुसऱ्या देशातल्या टीमकडे अखंड चालू, हे ज्याने पाहिलंय त्याला हा सिद्धांत समजावून सांगावा लागत नाही.

आणि तो हे अटळ मानत नाही. फिनिश तत्त्वज्ञ पेक्का हिमानेनबरोबर फिनलंडवर त्याचं पुस्तक आहे (२००२). सिलिकॉन व्हॅलीसारखी विषमता पत्करल्याशिवाय तंत्रज्ञानात पुढे जाता येत नाही, ही समजूत त्यात खोडून काढलीय. फुकट शिक्षण, सरकारी आरोग्यसेवा, मजबूत कामगार संघटना आणि वर नोकिया.

चिकित्सक काका

नोकियाचं पुढे काय झालं ते सर्वश्रुत आहे.

असो. ज्यांना सगळे डोक्यावर घेतात त्यांची थोडी चिकित्सा व्हावी म्हणून लिहितो. कास्तेल्स यांच्या तीन खंडांची पानं चौदाशेच्या वर आहेत आणि त्यांत तक्ते, आकडे, देशोदेशीचे दाखले यांचा नुसता पूर आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी पहिल्या खंडाची तुलना थेट माक्स वेबरच्या 'अर्थव्यवस्था आणि समाज'शी केली. मला ती अंमळ जास्त वाटते.

पहिली गोष्ट, कल्पना एकट्या त्यांची नाही. डॅनिएल बेल यांनी १९७३ मध्ये औद्योगिकोत्तर समाजाची मांडणी केली होती. 'नेटवर्क सोसायटी' हाच शब्दप्रयोग डच अभ्यासक यान व्हान डाइक यांनी १९९१ च्या पुस्तकाला दिला होता. दुसरी गोष्ट, यंत्रामुळे समाज बदलतो असं आपण म्हणत नाही, असं कास्तेल्स पहिल्या खंडाच्या आरंभीच बजावतात आणि पुढे शेकडो पानं वाचकाच्या मनावर तेच ठसत जातं. निकोलस गार्नम, फ्रँक वेबस्टर यांनी हा आक्षेप तपशिलाने घेतला आहे. तिसरी, शब्दांचा सोस. 'कालातीत काळ' ही त्यांची संज्ञा म्हणजे नक्की काय, ते मला तीनदा वाचूनही कळलेलं नाही. शेअर बाजार सेकंदाच्या तुकड्यात चालतो आणि माणसं साठीत मूल जन्माला घालतात, या दोन्ही गोष्टी एका नावाखाली का कोंबायच्या?

आणि मार्क्स कुठे गेला? १९७२ च्या पुस्तकात वर्गसंघर्षाशिवाय पान हलत नव्हतं. १९९६ मध्ये मालक कोण, हा प्रश्न नेटवर्कच्या धुक्यात हरवतो.

ओसरी

काका, शेवटचा मुद्दा सोडून बाकी सहमत. मार्क्स त्याने गुपचूप टाकून दिला नाही, १९८३ च्या पुस्तकात त्याची कारणं दिलीत. सान फ्रान्सिस्कोच्या समलिंगी वस्तीचा किंवा मिशन भागातल्या लॅटिनो लोकांचा अभ्यास करायला बसला आणि वर्गाच्या चौकटीत ते मावेना. माणसं स्वस्त घर मागत होती, पण त्याबरोबर आपली ओळख आणि आपल्या मोहल्ल्याचा कारभारही मागत होती. या तीन मागण्या एकत्र आल्या तरच शहरी चळवळ खरा बदल घडवते, असं त्याने मांडलं. दुसऱ्या खंडातली ओळखीची सगळी मांडणी (सत्ताधाऱ्यांनी दिलेली, प्रतिकारातून आलेली, आणि नवं काही घडवू पाहणारी) याच पायावर उभी आहे. मेक्सिकोतल्या झापातिस्ता बंडखोरांवर, जपानच्या ओम शिनरिक्यो पंथावर, अमेरिकेतल्या सशस्त्र टोळ्यांवर तो एकाच पुस्तकात लिहू शकला, ते मोहल्ल्यांतून शिकल्यामुळे.

टेकडीवरचा, बॅजचं उदाहरण पटलं.

शेवंती

नगररचना शिकवते, त्यामुळे राहवलं नाही.

विद्यार्थ्यांना आम्ही 'प्रवाहांचा अवकाश' आणि 'ठिकाणांचा अवकाश' ही जोडी शिकवतो. नावं भीतीदायक आहेत पण प्रकार साधा आहे. निर्णय होतात ते पैसा, माहिती, अधिकारी यांच्या सतत चाललेल्या ये-जा मध्ये. त्या ये-जा ला विमानतळ, हॉटेलं, सर्व्हर, काचेचे मनोरे लागतात आणि ते जगात कुठेही सारखेच दिसतात. लोक मात्र राहतात ठिकाणांत, जिथे शेजारी असतात, आठवणी असतात आणि कचऱ्याची गाडी येत नाही. एकीकडची सत्ता, दुसरीकडचं जगणं, आणि दोघांची गाठ पडेनाशी होते.

ब्रिटिश नगररचनातज्ज्ञ पीटर हॉल यांच्याबरोबर कास्तेल्स यांनी 'टेक्नोपोल्स ऑफ द वर्ल्ड' (१९९४) लिहिलं. सिलिकॉन व्हॅलीची नक्कल करायला निघालेल्या जगभरच्या जागा त्यात आहेत: सैबेरियातलं अकादेमगोरोदोक, जपानचं त्सुकुबा, तैवानचं शिनचू, फ्रान्सचं सोफिया आंतिपोलिस, स्पेनमधलं सेव्हिया. मला ते 'द इन्फर्मेशन एज'च्या तीन खंडांहून जास्त आवडतं. अकादेमगोरोदोकमध्ये उत्तम शास्त्रज्ञ एका जंगलात नेऊन बसवले, पण आसपासच्या कारखान्यांशी त्यांचा संबंध वरच्या मंत्रालयांमार्फतच, म्हणून शोध तिथल्या तिथे जिरले. सरकारने नुसत्या इमारती बांधून दिल्या की नावीन्य उगवतं, या भाबडेपणाला ते पुस्तक फार सभ्यपणे मारतं.

ग्लासगोबद्दल थोडं. १९१५ मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे शहरात कामगारांची रीघ लागली, घरमालकांनी भाडी चढवली. पुरुष एकतर आघाडीवर किंवा कारखान्यात, म्हणून लढा बायकांनी चालवला. मेरी बार्बर हे त्यातलं मोठं नाव. जिना अडवून बसायच्या. जप्तीवाला आला की घंटा वाजवायची, आणि सगळ्या मजल्यांवरच्या बायका हातातलं काम टाकून खाली यायच्या, पिठाचे गोळे फेकून मारायच्या. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार भाडेकरूंनी भाडं थांबवलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा १९१८ चा, तोही युद्धकाळातलाच.

ढवळ्या

म्हणजे आमच्या गिरगावातल्या पागडीची पणजी ग्लासगोची?

शेवंती

नाही हो. दोन्हीकडे युद्ध आणि भाडेवाढ होती, एवढंच. मुंबईच्या कायद्यामागे मुंबईची स्वतःची कारणं होती, ती वेगळ्या धाग्यात लिहीन.

सागरगोटा

गेली बरीच वर्षं बार्सिलोनात राहतेय, त्यामुळे इथली बाजू सांगते. २००१ पासून कास्तेल्स इथल्या मुक्त विद्यापीठाशी जोडलेले आहेत, आणि २००३ मध्ये बर्कली सोडून लॉस एंजेलिसच्या यूएससीत (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात) संज्ञापनाचं अध्यासन घेतलं. स्पॅनिश वर्तमानपत्र उघडणाऱ्या माणसाला त्यांचं नाव नवं नाही.

ओसरी, तुम्ही 'सांगणारा ओळखीचा, भरवशाचा हवा' हे वाक्य लक्षात ठेवायला सांगितलंत, त्याचा पुढचा भाग इथे घडला. ११ मार्च २००४ ला, गुरुवारी सकाळी, मद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. १९० हून जास्त माणसं गेली. रविवारी १४ तारखेला निवडणूक. पंतप्रधान आस्नार यांचं सरकार सांगत राहिलं की हे बास्क दहशतवादी संघटना 'एता'चं काम, आणि पुरावे मात्र इस्लामी गटाकडे बोट दाखवायला लागले. शनिवारी प्रचाराला कायद्याने बंदी असते, मतदारांनी शांतपणे विचार करायचा दिवस तो. त्या दिवशी मोबाइलवर छोटा एसएमएस फिरायला लागला: सत्ताधारी पक्षाच्या कचेरीसमोर जमा, खरं काय ते सांगा, आणि शेवटी एक शब्द, 'पासालो', पुढे पाठव. मद्रिदच्या खेनोवा रस्त्यावर आणि इतर शहरांत संध्याकाळपर्यंत हजारो लोक जमले. दुसऱ्या दिवशी सरकार पडलं.

कास्तेल्स यांनी यावर सविस्तर लिहिलंय. निरोप पक्षाकडून किंवा टीव्हीवरून आला नव्हता. तो फोनमध्ये नाव साठवलेल्या माणसाकडून आला होता, म्हणजे मैत्रीण, भाऊ, ऑफिसमधला कुणी. म्हणून लोकांनी तो खरा मानला आणि पुढे पाठवला. थिएटरातल्या पत्रकाला जे जमलं नाही ते इथे जमलं. एकाने लाखांशी बोलायचं आणि लाखांनी नुसतं ऐकायचं, ही जुनी तऱ्हा मोडली. आता प्रत्येकजण स्वतःचं स्वतः लाखांपर्यंत पोचवू शकतो, याला त्यांनी नाव दिलं 'मास सेल्फ-कम्युनिकेशन'.

मग १५ मे २०११. मद्रिदच्या पुएर्ता देल सोलमध्ये तंबू पडले, आमच्याकडे प्लासा कातालुन्यामध्ये. मी रोज ऑफिसातून परतताना जायचे. सभेत टाळ्या वाजवायच्या नाहीत, पटलं तर दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज बुडत नाही. कास्तेल्स तिथे येऊन बोलले होते, लोकांनी जमिनीवर बसून ऐकलं. ट्युनिशिया, इजिप्त, आइसलंड, स्पेन, न्यूयॉर्क अशी सगळी आंदोलनं एकत्र घेऊन 'नेटवर्क्स ऑफ आउटरेज अँड होप' (२०१२) आलं. त्यातला माझा आवडता मुद्दा असा की राग ऑनलाइन जमतो, पण भीती मोडते ती चौकात, शेजारी दुसरं माणूस उभं दिसल्यावर. म्हणजे ओसरींचा मोहल्ला परत आलाच.

टेकडीवरचा

+१. पण या पुस्तकातला आशावाद तेव्हाही जरा जास्तच होता. इजिप्तमध्ये २०१३ ला लष्कर परत आलं. भरवशाच्या माणसाकडून आलेला निरोप लोक खरा मानतात, हे तितकंच खरं खोट्या निरोपाबाबतही आहे. घरचा कुटुंब-ग्रुप उघडून बघा.

सागरगोटा

अगदी. दुसऱ्या आवृत्तीत (२०१५) त्यांनी आणखी देशांची भर घातली, पण सूर तोच राहिला. या बाबतीत काकांची चिकित्सा मी मान्य करेन.

आता मंत्रिपद. १५ मेच्या लाटेतून २०१४ मध्ये पोदेमोस पक्ष निघाला. जानेवारी २०२० मध्ये समाजवादी पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी त्या पक्षाबरोबर आघाडी सरकार केलं आणि त्या गटाच्या वाट्याला आलेलं विद्यापीठ खातं कास्तेल्स यांना मिळालं. वय ७७. खातं तरी कसलं, विज्ञान आणि विद्यापीठं असं एकत्र खातं होतं ते त्या वेळी तोडून अर्धं यांच्या हाती दिलं. इथे विद्यापीठं स्वायत्त, पैसा आणि कारभार प्रांतिक सरकारांकडे. मंत्र्याच्या हातात उरतं काय? दोन महिन्यांत करोना आला. मंत्री दिसतच नाहीत म्हणून पेपरवाल्यांनी झोडपलं. परीक्षा ऑनलाइन की वर्गात, यावर विद्यार्थी संतापलेले, आणि मंत्री सांगणार की तो अधिकार विद्यापीठांचा. कायद्याने बरोबर होतं, पण ऐकायला फार वाईट वाटायचं. ज्या माणसाने पन्नास वर्षं संवादावर लिहिलं तो मंत्री म्हणून लोकांशी बोलायला कमी पडला, असं माझ्या इथल्या प्राध्यापक मैत्रिणी अजून म्हणतात.

विद्यापीठांचा नवा मुख्य कायदा त्यांनी आणायला घेतला. कुलगुरू नाराज, विद्यार्थी संघटना नाराज, उजवे तर होतेच. डिसेंबर २०२१ मध्ये तब्येतीच्या कारणाने पद सोडलं. त्यांच्या जागी राज्यशास्त्राचे प्राध्यापक जोआन सुबिरात्स आले आणि कायदा बराच बदलून मार्च २०२३ मध्ये झाला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या काळात मार्गी लागली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. स्पेनमध्ये विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे नियम १९५४ च्या, फ्रँकोच्या काळातल्या फर्मानावर चालत होते. लोकशाही येऊन चार दशकं उलटली तरी ते रद्द झालं नव्हतं. १९५८ मध्ये कॉलेजात आलेल्या कास्तेल्सनाही तेच लागू होतं. ते हटवणारं विधेयक त्यांनी आणलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला, त्यांनी पद सोडल्यावर दोन महिन्यांनी.

ढवळ्या

हे भारी आहे. वीस वर्षांचा असताना ज्या नियमांना धाब्यावर बसवून पळाला, ते ऐंशीच्या घरात येऊन स्वतः खोडले.

चिकित्सक काका

धागा स्पॅनिश समाजशास्त्रज्ञांकडे वळलाच आहे तर ख्वान लिन्स यांचं नाव घ्यायला हवं. जन्म १९२६, जर्मनीतल्या बॉनमध्ये, पण वाढले स्पेनमध्ये. पुढचं बहुतेक आयुष्य अमेरिकेत, येल विद्यापीठात. १९६४ मध्ये त्यांनी स्पेनचं उदाहरण घेऊन दाखवलं की फ्रँकोची राजवट हिटलर-स्टालिनसारखी सर्वंकष नव्हे, तिची जात वेगळी. त्या राजवटीला प्रत्येकाने घोषणा द्यायला नको होत्या, लोकांनी घरी गप्प बसलेलं तिला पुरत होतं. कास्तेल्स यांची थिएटरातली पत्रकं वाया का गेली, याचं उत्तर मला लिन्स यांच्याकडे जास्त नेमकं सापडतं.

आणि भारताशी खरा दुवा त्यांचाच आहे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टेपन आणि आपले योगेंद्र यादव यांच्याबरोबर त्यांनी २०११ मध्ये 'क्राफ्टिंग स्टेट-नेशन्स' लिहिलं. अनेक भाषा आणि अस्मिता सांभाळून एक देश कसा उभा राहतो, यात भारत हे मुख्य उदाहरण आहे. कीर्ती मात्र कास्तेल्स यांना मिळाली. नव्वदच्या दशकात इंटरनेट घरोघरी येत होतं आणि सगळ्यांना त्याचा अर्थ सांगणारं कुणीतरी हवं होतं.

ओसरी

काका, वेळ साधली हे खरं. पण वेळ साधायला दहा वर्षं आधीपासून बसून राहावं लागतं. तो बर्कलीला १९७९ ला गेला तेव्हा सिलिकॉन व्हॅली तासाभराच्या अंतरावर होती आणि शहरांवर लिहिणाऱ्यांपैकी फारच थोडे तिकडे बघत होते. 'द इन्फर्मेशनल सिटी' १९८९ चं आहे, म्हणजे घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीचं. आणि सोव्हिएत संघ का कोसळला, यावर रशियन पत्नी एम्मा किसेल्योव्हा यांच्याबरोबर त्याने प्रत्यक्ष तिथे जाऊन काम केलं, तेव्हा बाकीचे बर्लिनच्या भिंतीचे फोटो बघत होते.

लिन्सवर तुम्ही वेगळा धागा काढाच.

शेवंती

कुठून सुरुवात करावी असं एकाने निरोपातून विचारलंय, म्हणून इथेच लिहिते. 'शहराचा प्रश्न'ने करू नका, पुस्तक मिटून ठेवाल. 'द सिटी अँड द ग्रासरूट्स'मधला मद्रिदचा भाग आणि ग्लासगोचं प्रकरण आधी वाचा. मग 'कम्युनिकेशन पॉवर'ची पहिली चारपाच पानं, ज्यात ओसरींनी सांगितलेलं सगळं आहे. 'द इन्फर्मेशन एज'चा तिसरा खंड सुटा वाचता येतो. सोव्हिएत संघाचं प्रकरण तर पहिले दोन न वाचताही कळतं, कारण यंत्रं, धातू, पोलाद यांत पुढे असलेला देश संगणकाच्या बाबतीत का मागे पडला, याची ती गोष्ट आहे. माहिती वरून खाली जायची, शेजारच्या विभागात जायची नाही. झेरॉक्स मशीनही कुलुपात.